विंडोजमधलं फुकटचं रॅन्समवेअर प्रोटेक्शन: सहा महिने वापरून

ऑफिसच्या बारा पीसीवर सहा महिने चालवलं, मगच लिहितोय. रॅन्समवेअर म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, त्याला अडवायला विंडोज सिक्युरिटीत कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस म्हणून एक बटण आहे, 2017 पासून विंडोज 10 मध्ये आहे पण बाय डिफॉल्ट बंद, त्यामुळे कुणी तिकडे बघतच नाही. मी पण नव्हतं बघितलं. आधीच्या अँटीव्हायरसची मुदत संपली तेव्हा कळलं, कारण दुसरं अँटीव्हायरस असलं की डिफेंडर (विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस) बाजूला होतो आणि हे चालूच होत नाही.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फाइलला भरवशाच्या यादीत नसलेला प्रोग्राम बदलायला गेला की हे अडवतं, बस एवढंच. पण त्यामुळे व्हायरस अगदी कालचा असला, कुणी अजून ओळखलेला नसला तरी फाइली लॉक करताना अडतो, हे मला फार आवडलं. डी ड्राइव्हवरचे फोल्डर मात्र आपण स्वतः ॲड करायचे, ते विसरू नका.

आता माझा शहाणपणा ऐका. पहिल्याच दिवशी सगळीकडे डायरेक्ट ऑन केलं आणि ती नेमकी महिनाअखेर, अकाउंट्सवाल्या मॅडमचं सॉफ्टवेअर सेव्हच होईना, स्कॅन केलेली पीडीएफ फोल्डरला येईना, सगळं ऑफिस माझ्या टेबलाशी. चूक माझीच, आधी ऑडिट मोड लावायचा असतो. त्यात अडवत काही नाही, फक्त कोण अडलं असतं त्याची 1124 नंबरची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) पडते. सेटिंगमध्ये तो दिसत नाही, पॉवरशेल (कमांड टाइप करायची खिडकी) नाहीतर ग्रुप पॉलिसीतून (ॲडमिनच्या सेटिंग) लावावा लागतो (हे का लपवलंय देव जाणे). दोन आठवडे नोंदी बघितल्या, आपले प्रोग्राम अलाउ केले आणि मग ऑन केलं, तेव्हापासून शांत आहे.

एक स्टार कापतोय कारण हे फाइल बदलू देत नाही पण वाचू देतं. म्हणजे डेटा चोरून "पैसे द्या नाहीतर बाहेर काढतो" म्हणणाऱ्यांपुढे याचा उपयोग शून्य. आणि अपडेट टाळणाऱ्यांनी पण याच्या जिवावर राहू नये, वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे 2017 मध्ये आला, तो ज्या भोकातून शिरायचा ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं.

पाचपैकी चार. बॅकअपची हार्डडिस्क मी अजून रोज संध्याकाळी काढून कपाटातच ठेवतो.