वेंगुर्ल्याच्या देखण्या हॉटेलात, जून ते जानेवारी

गेल्या जूनपासून कामानिमित्त वेंगुर्ल्याला सारखी ये-जा चालू आहे आणि मुक्काम दर वेळी एकाच बुटीक हॉटेलात असतो. नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि मालक माणूस म्हणून चांगला आहे. शिवाय वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंतच्या पट्ट्यात जुनी घरं घेऊन अशी हॉटेलं काढलेली आहेत, तेव्हा जे लिहितोय ते बाकीच्यांनाही थोडंफार लागू पडेल.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्याच्या कटिंग मशिनांचे सुटे भाग करून बसवायचं काम मिळालं. पावसाळ्यात हॉटेलचा दर जवळजवळ निम्म्यावर आला होता, म्हणून लॉजऐवजी इथे उतरलो. "काय बे, समुद्रावर लेथ लावलास काय?" असं मित्रांचं सुरू झालं. म्हणू देत, म्हणायला काय जातंय.

बेळगावहून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. हिंडलग्यावरून बाची, मग शिनोळीला महाराष्ट्र लागतो, पुढे आंबोली, सावंतवाडी. पावसात अंधार पडल्यावर आंबोलीचा घाट उतरू नका. धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच रस्ता समजून जावं लागतं. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तर दिवसाही नको, धबधब्याजवळ गाड्या अडकून पडतात. रिसेप्शनवर आधार कार्ड दिलं की त्यावरचं कन्नड बघून नवीन मुलगी हमखास विचारते, "तुम्ही कर्नाटकातले, मग मराठी एवढं चांगलं कसं?" ह्या प्रश्नाला उत्तर द्यायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

आता हॉटेल. जांभ्या चिऱ्याचं जुनं चौसोपी घर, मंगळुरी कौलं, पुढे खळं म्हणजे अंगण, लाल कोब्याची जमीन. मागे नवीन बांधलेला भाग, त्यात काचेच्या मोठ्या खिडक्या आणि छोटा पोहण्याचा तलाव. फोटोत मागचाच भाग जास्त दिसतो. इतके महिने राहून माझं मत असं झालंय की जुन्या घराचं जे जे ठेवलंय ते नीट चालतं, आणि शोभेसाठी नवीन आणलेलं बहुतेक सगळं जुलैपर्यंत रडायला लागतं.

भिंतींपासून बघा. जुन्या भागात चिऱ्यावर चुन्याचा गिलावा आहे. चिरा ओल पितो, ऊन पडलं की सोडतो, आणि चुना त्याला आडवा येत नाही. मागच्या भागात सिमेंटचा गिलावा आणि वरून महागडा अ‍ॅक्रिलिक रंग. ओल आत अडकली, रंग फुगला, गणपतीच्या आधीच पोपडे सुटले. मालकाने ते खरवडून पुन्हा तोच रंग लावला. मी म्हटलं, "अहो, परत येणार ते." ते हसले. परत आलं. छपराचंही तेच. कौलारू खोल्यांत आषाढाच्या पावसात एखाददुसरा थेंब, तोही एक कौल सरकवल्यावर बंद; स्लॅबखालच्या खोलीत कोपऱ्यात बादली. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ह्या किनाऱ्यावर ही कौलं पावसाला पुरून उरलीयत. ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा एसी न लावता झोप लागते ती त्यांच्याच खाली.

माझा धंदा लोखंडाचा, म्हणून ह्या पुढच्या गोष्टीवर जरा जास्त बोलणार आहे. बाथरूममधला शॉवर, टॉवेलचा दांडा, हूक, सगळं चकचकीत स्टेनलेस. पावसाळा संपेपर्यंत त्यावर तपकिरी ठिपके आले. मालकाला वाटलं हॉटेलातली पोरं नीट पुसत नाहीत. पुसण्याचा प्रश्नच नाही. ते ३०४ ग्रेडचं स्टील. समुद्राजवळ ३१६ लागतं, त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेतल्या क्लोराइडपुढे ते जास्त टिकतं. दोन्ही दिसायला सारखीच. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, त्याने काही सिद्ध होत नाही, कारण साधारणपणे चुंबक दोन्हींना धरत नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, एवढाच उपाय. गच्चीचा काळा पावडर कोटिंगचा कठडा तर जोडाजोडाला गंजलाय, तिथे लहान मुलांना टेकू देऊ नका. उलट जुन्या दारांच्या पितळी बिजागऱ्या हिरवट झाल्यात, पण कुरकुरसुद्धा करत नाहीत. मागच्या खोल्यांना कार्डाने उघडणारी कुलपं आहेत. दमट हवेत ती मनाला येईल तेव्हा उघडतात. मी पहिल्याच महिन्यात कडी-कोयंड्याची खोली मागून घेतली.

उघड्यावरचं न्हाणीघर हा इथला मोठा दिमाख. वर आभाळ, बाजूला केळी, दगडी भिंत. डिसेंबरात खरंच सुख आहे. जुलैत मात्र शॉवर बंद केला तरी अंघोळ चालूच राहते आणि साबणाचा लगदा होतो. वेताच्या खुर्च्यांवर बुरशी, ज्यूटच्या चटईला कुबट वास, आरशाच्या कडा काळ्या. पांढऱ्या चादरी स्वच्छ असतात पण पावसाळ्यात पूर्ण वाळलेल्या कधी मिळाल्या नाहीत. एसी ड्राय मोडवर ठेवून बाहेर जायचं, परत येईपर्यंत बिछाना झोपण्याजोगा होतो. गाद्या मात्र उत्तम, कंबर धरत नाही. पाण्याला जोर आहे. वायफाय लाईट गेल्यावरही इन्व्हर्टरवर चालतं, आणि लाईट जाते.

जेवणासाठी मी हे हॉटेल सोडलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. छापील मेनूवर अ‍ॅव्होकाडो टोस्ट आणि कसले कसले बाऊल आहेत. ते खाऊन बघितले, पोट भरलं नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वयंपाक करणाऱ्या उभादांडा गावच्या काकींना विचारलं, तुम्ही स्वतः काय खाता? दुसऱ्या दिवसापासून घावणे आणि नारळाची चटणी, कधी काळ्या वाटाण्याची उसळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा 'आजचा ताजा मासा' अशी पाटी दिसली तर दोन प्रश्न विचारावेत. काकी त्या दिवसांत सुका बांगडा भाजून देत, सोबत सोलकढी. नारळी पौर्णिमेनंतर बांगड्याचं तिखलं सुरू झालं, तिरफळ घातलेलं. सकाळी खळ्यातूनच ओरडून विचारणार, "रात्री जेवूक येतलात मा?" हो म्हटलं आणि गेलो नाही असं एकदाच झालं, त्यानंतर कुणाची टाप नाही. भाकरी तांदळाची. ज्वारीची भाकरी आणि खर्डा हवा असेल तर आपण घरूनच बांधून न्यावा. मी जाताना बेळगावचा कुंदा नेतो, आता हॉटेलातली पोरं माझ्याआधी पिशवीकडे बघतात.

एक इशारा. गणेश चतुर्थीत ह्या जिल्ह्यात जो तो आपल्या घरी असतो. हॉटेलात दोन माणसं, नाश्त्याला चहा-बिस्कीट, खोली आपणच झाडायची. माझी तक्रार नाही, आपणही त्या दिवसांत कारखाना उघडत नाही. पण पूर्ण दर घेताना हे आधी सांगायला हवं होतं, आणि ते कुणी सांगितलं नाही.

डिसेंबरात दर पावसाळ्याच्या दुपटीवर गेला. तलावाजवळ लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, ड्रोनची घरघर, रात्री उशिरापर्यंत गाणी. आमची ही दोन दिवस आली होती. तिला तलाव आवडला नाही, पडवी आवडली, आणि पडवीतच बसून राहिली. संध्याकाळी बंदरावर गेलो, तिथून डचांच्या १७ व्या शतकातल्या वखारीचे पडके अवशेष बघून आलो. वखारीची अवस्था बघून वाईट वाटतं. गाव मात्र स्वच्छ. नगरपरिषद कचरा वेगवेगळा करून घेते आणि त्यासाठी तिचं नावही आहे. हॉटेलातही डबे वेगळे, शाम्पूच्या चिमुकल्या बाटल्या नाहीत, पाणी तांब्यात.

धंद्याच्या बिलावर राहणाऱ्यांसाठी: जागा महाराष्ट्रात, म्हणून बिलावर सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लागतो. आपली नोंदणी कर्नाटकातली असेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, तो खर्चच धरायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के झाला. माझ्या बिलात तो नवा दर ऑक्टोबरात, विचारल्यावर आला. तेव्हा बिल वाचून सही करा.

घ्यायची तर जुन्या घरातली, पश्चिमेकडच्या पडवीला लागून असलेली खोली घ्या. मागच्या भागापेक्षा ती स्वस्तही आहे, कारण तिच्यातून तलाव दिसत नाही. महिना नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. मार्चमध्ये गेलात तर काकींना आधी फोन करून ओल्या काजूगरांची उसळ सांगून ठेवा, मेनूवर ती सापडायची नाही.

माझं काम अजून संपलेलं नाही. पुढच्या खेपेला माझ्या खोलीतला टॉवेलचा दांडा आणि हूक ३१६ मध्ये करून नेतोय, सर्टिफिकेटसकट. पैसे भाड्यातून वळते करायचं मालकाशी ठरलंय.