टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर: माणसं आवडली, पण गोष्ट पातळ

भाचीने दिलं म्हणून जेनी हानचं हे पुस्तक (२०१४ चं) घेतलं आणि फोंडा-पणजी कदंब बसमध्ये जातायेता चार दिवसांत संपवलं, एकदा तर पणजीचा पाटो स्टँड आला तरी उठावंसं वाटेना.

गोष्ट एवढीच. लारा जीन नावाची सोळा वर्षांची मुलगी, एखादा मुलगा मनातून काढायचा असला की त्याला पत्र लिहिते आणि ते न पाठवता आईने दिलेल्या टोपीच्या डब्यात ठेवते. एक दिवस ती पाचही पत्रं पोस्टात जातात! त्यातलं एक पत्र मोठ्या बहिणीच्या जुन्या बॉयफ्रेंडला, म्हणून त्याच्यापासून लपायला ही पत्र मिळालेल्या दुसऱ्या एका मुलाशी, पीटरशी, खोटं खोटं जमवते. पुढे काय होणार ते तुम्हाला आत्ताच कळलं असेल, मलाही पन्नासेक पानांतच कळलं.

पण माणसं किती गोड आहेत हो! लारा जीन केक-कुकीज करत बसणारी, गाडी चालवायला घाबरणारी, स्वतःच्याच जगात रमणारी. धाकटी किटी तर उचलून घरी आणावी अशी, हट्टी, तोंडाळ आणि जिवाला जीव देणारी. आई गेलेली, ती कोरियन होती, बाबा डॉक्टर, घर सांभाळणारी मोठी मार्गो शिकायला स्कॉटलंडला निघून गेलेली आणि आता सगळं लारा जीनवर येतं. ते वाचताना मला आमचं घर आठवलं, आई गेल्यावर चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) आम्ही बहिणींनी करायला घेतल्या तेव्हा आतल्या चुनात, म्हणजे सारणात, गूळ किती घालायचा तेच कुणाला ठाऊक नव्हतं, सगळ्या एकमेकींकडे बघत बसलो. मला तरी पुस्तकाचा खरा जीव या तीन बहिणींतच वाटला, प्रेमप्रकरणात नाही.

आणि तिथेच माझी तक्रार आहे. सगळेच इतके चांगले की कुणालाच कशासाठी जोर लावावा लागत नाही. अर्ध्याहून जास्त भांडणं अशी की दोघांनी पाच मिनिटं बसून बोललं असतं तर मिटली असती, पण मिटली तर पुस्तक संपेल म्हणून लेखिका त्यांना बोलूच देत नाही असं वाटत राहतं. पत्रं पाच, पण धड कामाला येतात दोनच, बाकीच्यांचं काय झालं असेल याची मला जास्त उत्सुकता होती. आणि शेवट तर मधेच सोडलाय, पुढचा भाग (२०१५ चा) घ्यावाच लागतो.

घटना कमी असल्या की पुस्तक पातळच होतं असंही नाही. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त तरी घडतं काय मोठं, नववीतला मुकुंद, त्याला आवडणारी शिरोडकर, ट्यूशनचा रस्ता. पण तिथे बाहेर आणीबाणी आहे, आणि शेवटी ती गाव सोडून जाते तेव्हा घशात येतं, कारण त्या पोराचं खरंच काहीतरी गेलेलं असतं. लारा जीनचं या सगळ्यात शेवटपर्यंत तसं काहीच जात नाही.

पंधरा-सोळाच्या मुलींना बिनधास्त द्या, इंग्रजी सोपं आहे. मोठ्यांनी बहिणींसाठी वाचा. माझे पाचातले तीन स्टार, त्यातला अख्खा एक किटीचा. दुसरा भाग भाचीकडे मागितलाय, तिची मैत्रीण वाचून झाली की मिळेल.