नशामुक्ती केंद्रातले 45 दिवस: भावाला ठेवलं तिथला अनुभव

धाकट्या भावाला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नशामुक्ती केंद्रात 45 दिवस ठेवलं होतं. केंद्राचं नाव लिहीत नाही, आमचा गाव लहान, भाऊ लगेच ओळखला जाईल. पण अशी जागा शोधत फिरणाऱ्या घरांसाठी जे पाहिलं ते लिहिते.

त्याची नशा कोडीन (अफूच्या जातीचं औषध) असलेल्या खोकल्याच्या औषधाची. कोल्ड्रिंकमध्ये ओतून प्यायचा. खोलीत दोन ग्लास एकात एक घातलेले सापडायचे. आई म्हणायची, कागदी ग्लास, गळत असतील. एकात एक ग्लास घालून प्यायची ती पद्धत अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या रॅप गाण्यांमधून आलेली, हे मला केंद्रात गेल्यावर कळलं.

तिथले समुपदेशक हीच त्या जागेची खरी ताकद. भाऊ दिवसभर तीच गाणी ऐकायचा, म्हणून घरी मी रागाने त्याचे इअरफोन तोडले होते. सरांनी गाणी बंद केली नाहीत. त्याच्यासोबत बसून ऐकली, एकेका ओळीचा अर्थ मराठीत सांगायला लावला. मग ती गाणाऱ्यांचं काय झालं ते सांगितलं. डीजे स्क्रू 2000 साली गेला, पिंप सी 2007 मध्ये, दोघांच्याही मृत्यूत कोडीन होतं. ज्यूस वर्ल्ड 2019 मध्ये गेला तेव्हा एकविसावा वाढदिवस होऊन आठवडाही झाला नव्हता. माझा भाऊ 21 वर्षांचाच आहे. सरांनी त्याला विचारलं, तुझं पोट चार-चार दिवस साफ होत नव्हतं, औषध मिळालं नाही की नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, हाडं ठणकायची, हे कुठल्या गाण्यात आहे? भेटीच्या दिवशी तो मला म्हणाला, ‘ताई, ह्यां गाण्यात खंय सांगतत गो?’

सगळ्या हिप-हॉपला, म्हणजे या रॅपच्या संगीताला, मी दोष देत नाही. 1983 साली त्याच संगीतात कोकेनच्या विरोधातलं गाणं गाजलं होतं, तेही सरांनी ऐकवलं. माझा राग आहे तो ग्लासातल्या औषधाचा रंग गाऊन दाखवायचा आणि पुढचं सगळं गिळून टाकायचं, यावर.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले, पण डॉक्टर रोज यायचे आणि जिभेखाली ठेवायची गोळी नर्स समोर उभी राहून द्यायची. घरी सोडण्याआधी आम्हाला सगळ्यांना बसवून एक गोष्ट दोनदा सांगितली, ती प्रत्येक घराला माहीत हवी. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग जुन्याच मापाने पुन्हा घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. घरघरत घोरायला लागला, हलवूनही उठेना, ओठ निळे पडले, तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा.

आता तक्रारी. 30 हजारांत सगळं म्हणाले होते, निघताना औषधं आणि रक्ततपासणीचे सात हजार वेगळे लावले. आधीच लिहून घ्या. भेट पंधरा दिवसांतून एकदाच, आईला ते फार जड गेलं. आणि घरी गेल्यावर दर आठवड्याला फोन करू म्हणाले होते. दोन फोन आले, मग बंद. सोडवून आणल्यानंतरचे महिनेच खरे कठीण असतात, तिथे असं हात सोडणं मला मान्य नाही. आता आम्हीच फोन करतो. पैसे नसतील तर 14446 या सरकारी हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारा, फोन फुकट आहे.

येत्या मंगळवारी त्याची तपासणी आहे. मी कारखान्यात सुट्टी टाकली आहे, वेंगुर्ल्याहून पहिल्या एसटीने दोघं जाऊ.