मराठी टाइप करायचं कशात? मिंग्लिश, लिप्यंतर, बोलून की सरळ इनस्क्रिप्ट

या महिन्यात तिसऱ्यांदा कुणीतरी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आधी मावशीने विचारलं, तिला रिटायर झाल्यावर आठवणी लिहायच्यात. मग भाच्याने, तो क्लार्कच्या परीक्षेच्या मागे लागलाय. आणि परवा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका, ज्यांना बिचाऱ्यांना फक्त टँकर कधी येणार एवढी नोटीस ग्रुपवर टाकायची असते. तिघांना मी तीन उत्तरं दिली तर तिघांनाही वाटलं ही टाळतेय. अहो नाही! मी घरून मुद्रितशोधन करते, दिवसाचे सहा-सात तास हेच चालतं, आणि माझं म्हणणं एवढंच की "सगळ्यात सोपं कुठलं" असं विचारू नका, किती लिहायचंय आणि ते लिहिलेलं नंतर कुठे जाणारे ते आधी सांगा.

तर पहिलं, इंग्रजी अक्षरात मराठी. मिंग्लिश. याला सगळे नावं ठेवतात पण ही सवय काही आळसातून आली नाही. जुन्या फोनवर देवनागरी दिसायचीच नाही, चौकोन दिसायचे, आणि जिथे दिसायची तिथेही एका एसएमएसमध्ये इंग्रजीत १६० अक्षरं बसायची पण देवनागरीत ७०च, म्हणजे काना-मात्रासुद्धा त्या ७०त धरून. मग कोण लिहिणार? सवय लागली ती लागली. "kuthe ahes", "5 min madhe yete", एवढ्याला मी स्वतःपण हेच वापरते, उगाच शुद्धतेचा आव कशाला. पण एका ओळीपेक्षा जास्त असलं की घोळ होतो. आमचा एक चुलतभाऊ रत्नागिरीला गेला होता, तिथून फॅमिली ग्रुपवर त्याने टाकलं, "ambyachi vadi ghetli". आम्ही समजलो वडी. मोठ्या काकांनी वाचलं वाडी आणि विचारलं किती गुंठे आणि सातबारा बघितलास का. पुढचे वीस मेसेज अभिनंदनाचे. दोनशे रुपयांची वडी होती हो ती!

दुसरं म्हणजे लिप्यंतर, इंग्रजी अक्षरं दाबायची आणि समोर मराठी उमटतं. फोनवर जीबोर्डमध्ये (गुगलचा कीबोर्ड) मराठी भाषा टाकली की हा पर्याय येतो, आणि कॉम्प्युटरवर विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, वेगळं काही डाउनलोड करायला नको, भाषेच्या सेटिंगमधून जोडायचा आणि विंडोजचं बटण दाबून स्पेस मारली की भाषा बदलते. बऱ्याच जणांचं यावर आयुष्य निघतं आणि निघू दे, काही वाईट नाही. शिकायला शून्य वेळ. पण यात एक गोम आहे जी पहिल्या दिवशी कळत नाही, ती म्हणजे तुमचे डोळे कायम वरच्या त्या सुचवलेल्या शब्दांच्या पट्टीवर राहतात. न की ण, ल की ळ, ऱ्हस्व की दीर्घ, हे तुम्ही लिहित नसताच, तुम्ही फक्त निवडता. आणि घाईत निवडलं की संपलं. मी एकदा एका ओळखीच्यांकडे माणूस गेलं तेव्हा "shok" लिहून न बघता स्पेस मारली आणि मेसेज गेला, "आम्ही सर्व तुमच्या शौकात सहभागी आहोत". चूक माझीच, वाचून पाठवायला काय झालं होतं, पण डिलीट करेपर्यंत दोन निळ्या टिका आल्या होत्या.

अजून एक, खास मराठीचं दुखणं. "darya" लिहिलं की बहुतेक वेळा दर्या येतो, म्हणजे समुद्र. तुम्हाला हव्या असतात दऱ्या, सह्याद्रीतल्या. तो अर्धचंद्रासारखा र पट्टीत असला तर असतो नाहीतर शोधत बसा. ट्रेकवाल्यांच्या पोस्टमध्ये "खोल दर्या आणि उंच कडे" मी इतक्यांदा वाचलंय की आता सह्याद्रीतच समुद्र आहे असं वाटायला लागलंय.

(फोनवर देवनागरी अक्षरांचा कीबोर्डपण असतो, व्यंजन दाबलं की वरच्या ओळीत त्याची बाराखडी येते, तो ज्यांना इंग्रजी स्पेलिंगची सवय नाही त्यांच्यासाठी चांगला. माझ्या आईचा तोच. आणि बोटाने लिहायचापण असतो, तो गंमत म्हणून.)

तिसरं, बोलून टाइप करणं. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी आणली, तेव्हा मी नाक मुरडलं होतं, आता नाही मुरडत. याचा एक फायदा कुणी सांगत नाही. आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक धड करतच नाही, पण ते लिहितं स्वतःच्या साठ्यातल्या शब्दांवरून, त्यामुळे "पाणी" आणि "आणि" ची वेलांटी आपल्यापेक्षा त्याचीच जास्त वेळा बरोबर येते! चार-पाचशे शब्दांचा कच्चा मजकूर दहा मिनिटात बाहेर पडतो, गुगल डॉक्समध्ये क्रोमवरून बोललात तर कॉम्प्युटरवरपण होतं. पण मग स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद हे सगळं नंतर हाताने बसवा, नावं-आडनावं तपासा, आणि मालवणी किंवा वऱ्हाडी वळणाचं बोललात तर ते आपलं पुण्याचं करून टाकतं. मी म्हणते "झालं", समोर येतं "झाले". कुकरची शिट्टी झाली तर मध्येच गप्प. आणि खाजगी काही असेल, पैशाचं, आजारपणाचं, तर ते मोठ्याने बोलून लिहायचं का हे ज्याने त्याने बघावं, आमच्या घरात तर भिंतीला कान नाहीत, भिंतच नाहीये.

आणि चौथं माझं लाडकं, इनस्क्रिप्ट. इथे मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगते. १९८६ पासूनचा सरकारी प्रमाण लेआउट आहे, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर याची मांडणी, विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यात मिळतो, आणि बघताक्षणी भीती वाटते कारण इंग्रजीशी काही संबंध नाही. क बरोब्बर के च्या बटणावर आहे हा निव्वळ योगायोग, पुढे प हा एच वर आहे. पण जरा थांबून बघा, डाव्या हाताला जवळजवळ सगळे स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मराठीत व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असंच चालतं, म्हणून हात बहुतेक वेळा आळीपाळीने पडतात, तबल्यासारखे. क ला शिफ्ट लावला की ख, ग ला लावला की घ, त ला लावला की थ. डी वर पाय मोडायचं चिन्ह. म्हणजे क्ष हवा तर क, पाय मोडा, ष. आपण शाळेत जोडाक्षर फोडून लिहायला शिकलो तेच. र ला शिफ्ट म्हणजे ऱ, त्याचा पाय मोडून य जोडला की दऱ्या, एकदम पक्क्या, समुद्र होत नाही. सुचवलेली पट्टी नाही, निवडणं नाही, जे दाबलं तेच उमटतं, डोळे तुमच्या वाक्यावर. आणि गुजराती, बंगाली, तमिळलापण क त्याच बटणावर असतो.

किंमत? मला तीन आठवडे लागले. पहिले चार दिवस अक्षरशः रडू येत होतं, एक ईमेल लिहायला पाऊण तास. बटणांवर स्टिकर लावू नका, मग आयुष्यभर खाली बघून टाइप करता, त्यापेक्षा तक्त्याची प्रिंट काढून स्क्रीनशेजारी चिकटवा. फोनवर मात्र मी इनस्क्रिप्टच्या वाट्याला जात नाही, दोन अंगठ्यांनी त्यात काही मजा नाही.

भाच्याचं वेगळं आहे. क्लार्क-टायपिस्टला सहसा मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला असं सर्टिफिकेट लागतं, आणि कित्येक क्लासमध्ये अजून टाइपरायटरच्या काळातला रेमिंग्टन लेआउट शिकवतात. त्याला मी सांगितलं, माझं ऐकू नकोस, तुझ्या परीक्षेला कुठला लेआउट आहे ते क्लासमध्ये विचार आणि तोच शिक, दोन लेआउट एकदम शिकायला गेलास तर दोन्हीत मारशील गोते.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांना. छापखान्यात किंवा डीटीपीवाल्याकडे अजून युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर अक्षर तेच राहावं म्हणून ठरवलेल्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट चालतात. त्यात आत इंग्रजीचीच अक्षरं असतात, वरून फक्त मराठीचा मुखवटा. पानावर सुंदर दिसतं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की कचरा. एका दुकानात माझ्या आत्याच्या पंच्याहत्तरीचा सगळा मजकूर असाच टाइप करून मिळाला होता आणि मग मी रात्री बसून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ऑर्डर देतानाच विचारायचं, युनिकोडमध्ये देणार ना? आणि ल, श चं वळण हिंदीसारखं दिसतंय अशी तक्रार असते ना, ते कीबोर्डमुळे नसतं, फॉन्टमुळे असतं. मराठी वळणाचा फॉन्ट लावा, मजकूर तोच राहतो.

काकांना मी बोलून टाइप करायला लावलंय, फक्त टाकीच्या मोटरपाशी उभं राहून नाही, आणि पाठवायच्या आधी एकदा वाचून. भाचा रेमिंग्टनला गेला. मावशीने इनस्क्रिप्ट घेतलं, मी म्हटलं होतं आधी बोलून बघ, तर म्हणाली पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, आता माझं मी लिहीन. आज नववा दिवस. सकाळी फोन आला, "अगं तो ज्ञ कुठे दडलाय?" म्हटलं मावशी, ज, पाय मोड, ञ. दोन मिनिटं शांतता, नुसती खटखट. मग म्हणाली, "आलं. आता ठेव, माझं वाक्य अर्धं राहिलंय."