जुनी 911 घेताना: कोरी एमओटी की भरलेली एमओटी?

इंग्लंडात सेकंडहँड पोर्शे 911 शोधायला लागलं की फिरून फिरून शेवटी दोन तऱ्हेच्या गाड्या समोर उरतात. एक कमी पळालेली, एमओटीचा (इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास जवळजवळ कोरा. दुसरी भरपूर पळालेली, जवळपास दर वर्षी काहीतरी लिहून आलेलं. माझ्यासमोरही 2022 मध्ये अशाच दोन होत्या. दोन्ही 2007 च्या कॅरेरा एस, 997 पिढीच्या, दोन्ही मॅन्युअल. चंदेरी 38,000 मैलांची, गडद निळी 91,000 मैलांची. चंदेरी सुमारे नऊ हजार पौंडांनी महाग होती. घरच्यांचा आणि मित्रांचा कल अर्थातच तिच्याकडे. मी निळी घेतली. का, ते सांगतो. तुमची गरज वेगळी असेल तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकतो.

पुण्यात जुनी गाडी घेताना आपण पीयूसी बघतो, सर्व्हिस बुक चाळतो आणि बाकीचं ओळखीच्या मेकॅनिकवर सोडतो. इथे नंबर टाकला की गाडीच्या सगळ्या एमओटी फुकट समोर येतात: तारीख, मैल, पास-नापास आणि प्रत्येक शेरा (पास झालेल्या गाडीलाही 'याकडे लक्ष द्या' असं लिहून देतात). एवढी माहिती हाताशी असताना बहुतेक जण फक्त हिरवे 'पास' मोजतात, याचं मला वाईट वाटतं. मी दोन्ही इतिहास छापून घेतले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचले.

निळीची पानं पहिल्यांदा बघून छातीत धस्स झालं होतं. 2014 मध्ये नापास, पुढचा कॉइल स्प्रिंग तुटलेला. 2016 मध्ये शेरा, पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचा बुश (सांध्यातलं रबर) झिजलेला. 2018 मध्ये मागचे ब्रेक पाईप गंजलेले. मधूनमधून टायर. पण प्रत्येक शेरा पुढच्या वर्षी गायब, आणि मालकाच्या फायलीत त्याची पावती हजर. स्प्रिंग एका बाजूचा तुटला होता, बदलले दोन्ही. आर्मही दोन्ही बाजूंचे. हा माणूस गाडी वापरत होता आणि कागद वाचत होता.

चंदेरीचा इतिहास स्वच्छ. नापास एकदाही नाही. मात्र 2015 नंतर वर्षाला दोन-तीनशे मैल, त्याहून जास्त नाही. आणि 2017 पासून एकच ओळ: मागचे ब्रेक पाईप गंजलेले. 2018 मध्ये तीच, 2019 मध्ये तीच, 2020 मध्येही तीच. (2020 ची तपासणी एप्रिलऐवजी ऑक्टोबरात होती. त्यात काही काळंबेरं नाही, कोविडमुळे तेव्हा सहा महिन्यांची मुदतवाढ होती. दुसऱ्या कुठल्या वर्षी तारखांत असा खंड दिसला तर मात्र कारण विचारा.) मग 2021 मध्ये ओळ बदलली: पाईपवर ग्रीस किंवा तत्सम लेप असल्याने नीट पाहता आले नाहीत.

माझं मन तिथे उठलं. तरी गाडी बघायला गेलो. विक्रेत्याची परवानगी घेऊन टॉर्च हातात धरून खाली शिरलो. पाईपवर काळा, चिकट थर होता, वरून हात फिरवलेला सहज कळत होता. बोटाने थोडा बाजूला केला तर आत तांबूस फोड. नवीन पाईपाची पावती विचारली, ती नव्हती. 911 चं इंजिन मागे असतं आणि हे पाईप इंजिन-गिअरबॉक्सच्या वरून जातात. निळीच्या बिलावर त्याच कामासाठी गिअरबॉक्स खाली उतरवल्याची मजुरी लिहिलेली होती, आणि ती पाईपांच्या किमतीच्या कितीतरी पट होती. चंदेरीच्या मालकाने तो खर्च टाळला, इतकंच. पण ब्रेकच्या बाबतीत चार वर्षं सांगूनही ज्याने ऐकलं नाही, त्याने गिअरबॉक्सच्या तेलाचं, कूलंटचं, पुढच्या रेडिएटरमध्ये साचलेल्या पानांचं ऐकलं असेल यावर माझा विश्वास बसेना.

टायरचंही तसंच. चंदेरीच्या टायरांना खोल नक्षी होती, एमओटीला लागणाऱ्या 1.6 मिमीच्या कितीतरी वर. कडेवरचे चार आकडे वाचले: 3412, म्हणजे 2012 चा चौतिसावा आठवडा. खाजगी गाडीला टायरच्या नुसत्या वयावरून नापास करत नाहीत. त्यामुळे दहा वर्षांचं कडक झालेलं रबर कागदावर 'पास' दिसत होतं. साडेतीनशे अश्वशक्ती मागच्या दोन चाकांवर उतरवणाऱ्या गाडीत त्या टायरांवर मी माझ्या मुलीला बसवणार नव्हतो.

चंदेरीची बाजूही मांडायला हवी. तिचं आतलं कातडं निळीपेक्षा खूपच चांगलं होतं, रंग मूळचा, पुढच्या बंपरवर खड्यांचे टवके नाहीत. पुढे विकताना कमी मैलांची किंमत येते, हेही खरं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एमओटीत इंजिन उघडत नाहीत, क्लच आणि गिअरबॉक्सची आतली तब्येतही बघत नाहीत. या पिढीच्या सुरुवातीच्या इंजिनांची दोन दुखणी सगळ्यांना माहीत आहेत, आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) आणि सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे ओरखडे. 2009 च्या मॉडेलपासून इंजिन नवं आलं आणि तो आयएमएस शाफ्टच गेला. पण आपल्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या. दोन्ही दुखण्यांबद्दल कोरी एमओटी गप्प, भरलेलीही गप्प. म्हणून कुठलीही घ्या, सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून बघून घ्या, आणि मॅन्युअल असेल तर इंजिनच्या संगणकातली ओव्हर-रेव्हची (इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याची) नोंद काढून घ्या. मी निळीचं दोन्ही केलं, दोन्ही ठीक निघालं. चंदेरीचं केलंच नाही. तिचं इंजिन कदाचित निळीहून सरसही असेल.

तुम्हाला गाडी वर्षात आठ-दहा रविवारीच काढायची असेल, हाताशी चांगला मेकॅनिक असेल आणि पाईप, टायर, तेल-कूलंट वगैरे सगळं पहिल्याच महिन्यात बदलायची तयारी असेल, तर चंदेरीसारखी गाडी वाईट नाही. फक्त तो खर्च किमतीतून आधी वजा करून घासाघीस करा. मला मात्र रोज नाही तरी आठवड्यातून तीनदा चालवायची होती, स्कॉटलंडपर्यंत न्यायची होती. ज्या गाडीचं दुखणं लिहिलं गेलं आणि बरं केलं गेलं, ती मला जवळची वाटली.

तीन वर्षांत निळीवर सर्व्हिसशिवाय वॉटर पंप आणि एक इग्निशन कॉइल एवढाच खर्च झाला. तिच्याबरोबर मिळालेल्या एका फाईलच्या आता दोन झाल्यात. यंदाच्या एमओटीत एकच ओळ आली: पुढचा डावा टायर आतल्या कडेला झिजलेला. पुढचे दोन्ही बदलले, अलाइनमेंट करून घेतली आणि पावती दुसऱ्या फाईलला लावली.