स्टॅन सॉफ्टवेअर: शहराच्या कचऱ्याचं मॉडेल करायचंय तर आधी हे वापरा

शहराचा कचरा, रिसायकलिंग, सर्क्युलर इकॉनॉमी यावर कुणी काम करत असेल तर त्यांनी स्टॅन एकदा तरी वापरून बघाच. व्हिएन्नाच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत तयार झालेलं मटेरियल फ्लो अ‍ॅनालिसिसचं, म्हणजे कुठला माल कुठून कुठे किती जातो याचा हिशोब मांडायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, फक्त रजिस्टर करावं लागतं आणि विंडोजवर चालतं. स्क्रीनवर चौकोन काढायचे, म्हणजे घरं, सॉर्टिंग सेंटर, कंपोस्ट प्लांट, डम्पिंग ग्राउंड, मग बाणांनी जोडायचे आणि टनांचे आकडे भरायचे. जेवढा माल जास्त तेवढा बाण जाड दिसतो, त्यामुळे कचरा नेमका कुठे जिरतोय ते मीटिंगमधल्या कुणालाही पटकन कळतं.

पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती डेटा रिकन्सिलिएशन, म्हणजे न जुळणारे आकडे जुळवून देणं. कचऱ्याचे आकडे कधीच जुळत नाहीत हो, गाड्यांच्या वजनकाट्याचा आकडा वेगळा आणि प्लांटच्या रजिस्टरचा वेगळा. समजा आत 1000 टन आले, हा आकडा 40 टन कमी-जास्त असू शकतो, आणि बाहेर दोन वाटांनी 550 आणि 390 गेले, हे प्रत्येकी 20 टन कमी-जास्त असू शकतात. बेरीज 940, मग 60 टन गेले कुठे? स्टॅन ही तफावत प्रत्येक आकड्याच्या खात्रीप्रमाणे वाटून देतं, आत 960, बाहेर 560 आणि 400. ज्या आकड्यावर भरवसा कमी तो जास्त हलतो! एक्सेलमध्ये आपण हे अंदाजाने ओढूनताणून जुळवतो आणि नंतर कुणी विचारलं की उत्तर नसतं.

कंपोस्टचा चौकोन काढताना मात्र हवेत जाणारा बाण विसरू नका, ओल्या कचऱ्याचं बरंचसं वजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं, तो बाण नसला तर हिशोब बसणारच नाही.

आणि रिसायकलिंगचा टक्का. 60 टक्के माल वेगळा गोळा झाला, सॉर्टिंगमध्ये त्यातला 80 टक्के टिकला, पुढे प्रोसेसिंगमध्ये त्यातला 85 टक्के, तर हातात येतो जेमतेम 41 टक्के, आणि तोच माल दुसऱ्या फेरीतून असाच गेला की मूळच्या 17 टक्क्यांच्या आसपास उरतो. तरी रिपोर्टमध्ये 60 लिहिणारे लोक आहेत, याचा मला खरंच राग येतो. युरोपियन युनियनने 2018 साली नियम बदलून म्हणूनच गोळा केलेलं नाही तर प्रत्यक्ष रिसायकलिंगला आत गेलेलं वजन धरायला सांगितलं, त्यांचं 2035 चं टार्गेट 65 टक्के आहे ते या मापाने.

कमी काय आहे तर खर्चाचा हिशोब यात येत नाही, तो वेगळा करावा लागतो. क्वालिटी पण टनांच्या आकड्यात दिसत नाही, बाटलीची परत बाटली झाली काय किंवा हलक्या दर्जाचं काहीतरी झालं काय, बाण तेवढाच जाड. यावर थोडा उपाय म्हणजे सबस्टन्सची वेगळी लेयर लावायची, म्हणजे त्याच बाणांमधून कार्बन किंवा कॅडमियमसारखा विषारी धातू किती फिरतोय ते बघता येतं, रिसायकल केलेल्या मालात नको ते साठत चाललंय का हे तिथेच पकडता येतं. नवीन शिकणाऱ्यांनी आधी चार-पाच चौकोनांचं छोटं मॉडेल नीट जुळवावं, मग ही लेयर चढवावी, सगळं एकदम काढायला गेलात तर चूक कुठल्या बाणात आहे ते शोधत बसाल.