पुराचे घर रिकामे करताना कामी आलेले सामान

2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढचे काही दिवस ह्यूस्टनवर इतका पाऊस कोसळला की हजारो घरांत पाणी शिरले. त्यात 28 ऑगस्टपासून ॲडिक्स आणि बार्कर या जलाशयांतून पाणी सोडावे लागल्यामुळे बफेलो बायू या शहरातून वाहणाऱ्या संथ ओढ्याच्या काठच्या वस्त्यांत ते कित्येक दिवस साचून राहिले. पाणी ओसरल्यावर अशी घरे रिकामी करण्याच्या कामात मी चार शनिवार-रविवार स्वयंसेवक म्हणून होतो. त्यासाठी घेतलेले कोणते सामान टिकले आणि कोणते फुकट गेले ते येथे नोंदवतो, कारण जून ते नोव्हेंबर या वादळांच्या मोसमात कोणाला ना कोणाला ही खरेदी करावीच लागते.

मास्कवर काटकसर करू नये. मी थ्रीएमचा 8511 हा एन-95 मास्क वापरला. त्याला श्वास बाहेर सोडण्याची झडप आहे आणि वीज नसलेल्या, दमट, बुरशीने काळ्या पडलेल्या घरात त्या झडपेचे मोल कळते, कारण साध्या मास्कमध्ये आत वाफ कोंडून चष्म्यावर धुके धरते आणि माणूस वैतागून तो हनुवटीखाली ओढतो. घामाने भिजला की मात्र तो बदलावा लागतो. मला दिवसाला तीन लागले, म्हणून दहाचे खोके घेणेच बरे. दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट चिकटून बसत नाही.

हत्यारांमध्ये पंधरा इंची चपटी कटावणी मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन. येथील घरांच्या भिंती आतून जिप्समच्या पाट्यांच्या असतात आणि भिजल्यावर ती पाटी ओल्या पोह्यांसारखी हातात येते, पण कडेची लाकडी पट्टी आणि खिळे काही केल्या सुटत नाहीत. पाणी दोनच फूट चढलेले असले तरी ओल वर चढत जाते, आणि पाटी चार फूट रुंदीची असल्याने कापणीही बहुधा चार फुटांवरच करतात, म्हणजे नवी पाटी बसवताना जोड सरळ येतो. मोजपट्टी आणि धारदार पात्यांचा कटर सोबत हवाच.

कचऱ्याच्या पिशव्यांत मी पहिल्याच दिवशी फसलो. स्वयंपाकघरासाठीच्या पातळ पिशव्या नेल्या होत्या आणि खिळे लागलेल्या पाट्यांनी त्या दारापर्यंत पोचण्याआधीच फाटल्या. नंतर हस्की या ब्रँडच्या 42 गॅलनच्या, 3 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या पिशव्या आणल्या आणि एकही फाटली नाही. मात्र त्या अर्ध्याच भराव्यात, कारण भिजलेला जिप्सम आणि ग्लासवूल (भिंतीच्या आतले काचतंतूंचे उष्णतारोधक अस्तर) इतके जड होतात की भरलेली पिशवी दोघांनाही उचलत नाही.

इंटरनेटवरून मागवलेला एक तयार 'मदत संच' मात्र घेण्यासारखा नव्हता. त्यातले सुती हातमोजे तासाभरात गाळाच्या पाण्याने भिजले. त्याऐवजी आत नायट्राइलचे (पातळ कृत्रिम रबराचे) आणि वर चामड्याचे अशी जोडी घालावी. गमबुटात पोलादी पत्र्याचा तळ घालून घ्यावा, कारण उखडलेल्या पट्टीतला खिळा वर तोंड करून पडलेला असतो आणि चिखलात तो दिसत नाही. धनुर्वाताची लस आधीच घेतलेली असावी. ब्लीच नेल्यास ते अमोनिया असलेल्या कोणत्याही द्रवात मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

झिप लावता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि न पुसणारे मार्कर पेन हे सर्वांत स्वस्त सामान, पण एका घरात त्याचीच सर्वाधिक गरज पडली. घरमालकीण आजी भिजलेला लग्नाचा अल्बम लहान मूल धरावे तसा छातीशी धरून उभ्या होत्या. भिजलेली छायाचित्रे ओढून सुटी करू नयेत, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली तर बुरशी थांबते आणि पुढे सवडीने वाळवता येतात, हे आमच्यातील एकीला ठाऊक होते. आम्ही पाने पाच पिशव्यांत भरली, प्रत्येकीवर आजींनी स्वतः वर्ष लिहिले आणि वीज असलेल्या शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ती ठेवून दिली.